चाळिशीनंतर रॉक बँड चालू ठेवायचा तर कान कसे जपावेत?

तुमचा प्रश्न असा: नागपुरात घरच्याच खोलीत बँडची प्रॅक्टिस चालते, चाळिशी उलटली आहे, प्रॅक्टिसनंतर रात्रभर कानात शीळ वाजते. साठीपर्यंत वाजवता यावं म्हणून काय करावं?

सगळ्यात आधी कान. बोटं दुखू लागली तर बारीक तारा लावता येतात, गळा उतरला तर गाणं खालच्या पट्टीत घेता येतं. पण आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 'द हू' या रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड कानांच्या या त्रासाबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत आले आहेत. 'एसी/डीसी' बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये चालू दौरा सोडावा लागला, तोही ऐकू येणं पार जाईल या धोक्यामुळे.

कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशेब पाठ करून ठेवा. ८५ डेसिबल आवाज रोज ८ तास कानांना चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीतला ड्रमसेट एकटाच १०० ओलांडतो. मोबाइलवरचं आवाज मोजणारं अ‍ॅप तंतोतंत नसतं, पण अंदाजाला पुरतं. गायकाच्या कानाजवळ धरून आकडा बघा.

खोलीत आवाज वाढण्याचं मुख्य कारण अ‍ॅम्पची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीची जागा. अ‍ॅम्प जमिनीवर असला की त्याचा तिखट आवाज गिटारवाल्याच्या गुडघ्यांवर आदळतो आणि समोरच्याच्या कानात घुसतो. वाजवणाऱ्याला मात्र स्वतःचंच ऐकू येत नाही, म्हणून तो नॉब फिरवतो. मग बास गिटारवाला आवाज वाढवतो, ड्रमर जोरात मारतो, गाणारा ओरडतो. अ‍ॅम्प खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता करून त्याचं तोंड स्वतःच्या कानाकडे करा. गिटारचा बास नॉब बराच खाली आणा, ती जागा बासवाल्याची आहे. ड्रमरला काड्यांच्या जुडीचे रॉड्स द्या, झांजांचा कडकपणा लगेच उतरतो. ड्रमखाली सतरंजी अंथरा, मागच्या भिंतीला जुन्या गाद्या उभ्या करा. एवढं करूनही गाणं ऐकू येत नसेल तर माइक वाढवू नका, गिटार कमी करा. माइक वाढवला की शिट्टीच मारणार.

आपल्याकडे उन्हाळ्यात यात कूलरची भर पडते. त्याच्या घरघरीवर मात करायला सगळेच आवाज वाढवतात. शिवाय हवा खेळायला खिडकी उघडी हवी, म्हणजे शेजारीही वैतागतात. म्हणून अर्धा तास आधी कूलर चालवून खोली गार करा, वाजवताना बंद ठेवा, आणि २०-२५ मिनिटांनी थांबून पुन्हा लावा. तेवढीच कानांनाही विश्रांती. गिटार मात्र कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल्या हवेने गिटारची मान, म्हणजे लांब दांडा, पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात आणि बोटांना जास्त जोर लागतो.

हे सगळं करूनही इअरप्लग हवेतच. फोमचे स्वस्त प्लग वरचे सूर जास्त कापतात, सगळं गढूळ ऐकू येतं आणि लोक कंटाळून ते काढून टाकतात. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, ते सगळे सूर साधारण सारखेच, १५-२० डेसिबलनी उतरवतात. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, नाहीतर प्लग अर्धवट बसतो. अर्धवट बसलेल्या प्लगमुळे गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, आत नीट गेला की घुमणं कमी होतं. आणि विसर्जनाला डीजेच्या भिंतीपुढे उभे राहणार असाल तर तिथेही घाला. कान रॉक आणि डीजे असा फरक करत नाहीत.

तुमची शीळ रात्रभर टिकते, म्हणून आताच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवता येईल. आवाजाने झालेली इजा या तपासणीच्या आलेखात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडल्यासारखी दिसते. आजचा आलेख जपून ठेवा, दरवर्षी त्याच्याशी ताडून बघा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात.