पहिला सिनेमा निवडताना

म्हापशाच्या आपल्या मंडळात पहिल्यांदा सिनेमा निवडतोयस, तर 'फायरप्रूफ' (2008) हा ख्रिस्ती श्रद्धेवरचा सिनेमा घे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चने बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर, सुमारे 5 लाख डॉलरांत तो काढला. अभिनय कच्चा आहे, संवाद पुष्कळदा प्रवचनाकडे झुकतात. पण नायक बोटीसाठी साठवलेले पैसे गुपचूप सासूच्या पलंगासाठी आणि व्हीलचेअरसाठी देतो, ते नीट बघ. तिथे कोणी उपदेश करत नाही, तरी गळा दाटून येतो. अशा ख्रिस्ती सिनेमांचं खरं बळ तेच. खोट मात्र मोठी. प्रार्थना केली की प्रश्न सुटला, आणि नास्तिक दिसला की तो खलनायकच! हे मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे हिंदू शेजारीही येतात. चर्चेत त्यांना आधी बोलू दे.