मॅक्रोआधी एक बिल हातानं छाप

सोसायटीची मेंटेनन्स बिलं वर्डमधून मॅक्रोनं, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आणि आपोआप चालणाऱ्या सूचनांनी, छापायची म्हणतोस, चांगलंच आहे. पण आधी हातानं मेल मर्ज करून, म्हणजे एक्सेलच्या यादीतली माहिती वर्डच्या साच्यात भरून, एकच बिल कागदावर काढ आणि एक्सेलशी ताडून बघ. एक्सेलमधले ४,२५०.५० वर्डमध्ये ४२५०.५ होऊन येतात, तारखेत महिना दिवसाच्या आधी पडतो. वर्डमध्ये ऑल्ट-एफ९ दाबलंस की फील्डचा (यादीतली माहिती जिथे येते त्या जागेचा) कोड दिसेल, फॉरमॅट तिथेच द्यायचा.

मग मॅक्रो. सगळी बिलं एकदम प्रिंटरला पाठवू नकोस. मॅक्रोत फर्स्टरेकॉर्ड, लास्टरेकॉर्ड (यादीतल्या कितव्या नोंदीपासून कितव्यापर्यंत) देऊन पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे पाड. मुलुंडला आमच्याकडे ऐन पावसाळ्यात दमट कागद अडकला, आणि कुठलं बिल निघालं, कुठलं राहिलं हे शोधण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून मी गठ्ठेच करते. एकेक गठ्ठा काढणाऱ्या लूपच्या आधी प्रिंटबॅकग्राउंड (मागच्या मागे छापणं) फॉल्स, म्हणजे बंद, ठेव, म्हणजे एक गठ्ठा प्रिंटरकडे पूर्ण जाईपर्यंत मॅक्रो थांबतो. वर्डची फाइल डॉकएम (.docm) म्हणून सेव्ह कर, नेहमीच्या डॉकएक्समध्ये (.docx) मॅक्रो राहत नाही.

आणि हो, एक्सेलची यादी विंग आणि मजल्यानुसार लावून घे. बिलं वाटणाऱ्या वॉचमनकाकांचे जिने वाचतात रे.