आधी साउंडबॉक्स, मग कर्णा

चोरबाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला की हात आखडता घ्या. लाकडी पेटी, कर्णा, कुत्र्याचं चित्र, सगळं नवं जोडलेलं असतं. सुरुवात सुट्या साउंडबॉक्सपासून करा, म्हणजे सुई धरणाऱ्या आणि तिच्या कंपनांचा आवाज करणाऱ्या गोल डबीपासून. जुना ‘एक्झिबिशन’ मॉडेलचा साउंडबॉक्स शिकायला उत्तम.

आवाज खरखरतो तो बहुतेक वेळा रबरामुळे. अभ्रकाच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना बसवलेली रबरी नळी कडक होते, चकती आवळली जाते आणि कडेने हवा गळते. उघडताना आधी सुईच्या दांडीचा चकतीच्या मध्यावरचा बारीक स्क्रू सोडवा. तो विसरून मागची प्लेट ओढली तर अभ्रक तडकलंच म्हणून समजा. स्क्रू जाम असेल तर थेंबभर तेल घालून रात्रभर ठेवा, जोर लावू नका.

नवी नळी मऊ, साधारण २ मिमी जाडीची. दोन तुकडे कापा. टोकं नेमकी भिडली पाहिजेत, फट नको, चढ नको. प्लेटचे तीन स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. दांडी जोडताना चकती ना आत ओढली जावी, ना बाहेर ढकलली जावी. इथेच खरा वेळ जातो. शेवटी मधल्या स्क्रूवर मधमाशांच्या मेणाचा थेंब.

जस्तमिश्रित धातूचा भाग फुगून भेगाळला असेल तर तो सोडूनच द्या. पोलादी सुई तबकडीच्या एका बाजूला एकच, मग फेकायची. काटकसर केलीत तर ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी खरवडते. मोटरच्या स्प्रिंगचा डबा मात्र सध्या उघडू नका. सुटलेली पट्टी बोटं कापते.