ऑलिव्हची माशी आणि हवामान

प्रश्न: माझा मुलगा इटलीत फ्लोरेन्सजवळ राहतो. त्याचे घरमालक म्हणतात की 2014 ला थंडी कमी होती म्हणून ऑलिव्हचं पीक गेलं. सर, थंडी कमी तर झाडाला बरंच ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर: काकू, घरमालक बरोबर बोलतायत, पण अर्धंच. ऑलिव्हची फळमाशी हिवाळ्यात जास्त करून जमिनीत कोषात पडून असते, कडक थंडी पडली की त्यातले बरेच कोष मरतात, आणि त्या वर्षी तशी थंडी पडलीच नाही. वर उन्हाळा पण पावसाळी, गारवा असलेला, म्हणजे माशीची चंगळच. एरवी तिकडे पारा 35 च्या वर गेला आणि हवा कोरडी असली की फळातली अंडी, बारीक अळ्या तिथेच मरतात. मादी एका फळात साधारण एकच अंडं घालते, सालीवर टाचणी टोचल्यासारखा डाग दिसतो बघा, आत अळी गर पोखरते, फळ गळतं आणि तेल आंबूस होतं.

आणि झाडाचं म्हणाल तर त्यालाही मोहोरासाठी थोडी थंडी लागतेच, आपल्या हापूससारखं. ही माशी पण हापूसच्या फळमाशीची चुलतबहीणच, फक्त आपल्याकडचा मिथाईल युजेनॉलचा (म्हणजे वासाने नर माश्यांना ओढणाऱ्या द्रव्याचा) सापळा तिला चालत नाही. ती फक्त ऑलिव्हवरच वाढते, त्यामुळे गळलेली आणि झाडावर राहिलेली फळं उचलून टाका म्हणावं.