औषधे दरवर्षी महाग का होतात आणि कंपन्यांच्या नफ्यावरचा लोकांचा राग रास्त आहे का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: औषधे महाग होण्यामागे कंपन्यांची नफेखोरी आहे का, आणि मेडिकलवाल्याशी भांडून काही उपयोग होतो का. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात माझे औषधांचे दुकान आहे आणि काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून मला सव्वीस वर्षे झाली. त्यामुळे हे उत्तर तटस्थ आहे असे मी म्हणणार नाही. या साखळीत माझाही नफा आहे आणि तो पुढे सांगतोच.

राग रास्त आहे, पण तो चुकीच्या आकड्यावर निघतो. दर एप्रिलला ‘औषधे महागली’ अशी बातमी येते आणि त्या आठवड्यात रिकामी पट्टी पुढे करणारा प्रत्येक दुसरा माणूस ‘भाऊ, गोया परत महाग व्हई ग्यात?’ असे विचारतो. ती बातमी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची असते. त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण ठरवते आणि घाऊक किंमत निर्देशांक (घाऊक बाजारातल्या महागाईचे मोजमाप) जितका हलेल तितकीच ती १ एप्रिलला वाढू शकते. २०२२ मध्ये ही वाढ १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के होती, आणि ती खरोखरच टोचली. मात्र २०२४ मध्ये ती जवळजवळ शून्य होती आणि २०२५ मध्ये १.७४ टक्के, म्हणजे दहा रुपयांच्या गोळीमागे सतरा पैसे. याउलट यादीबाहेरच्या औषधाची किंमत बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत वाढवायला कंपनीला कोणाची परवानगी लागत नाही. ही मुभा दरवर्षी पुरेपूर वापरली तर सात-आठ वर्षांत किंमत दुप्पट होते, आणि प्रत्येक ब्रँडचा मुहूर्त निराळा असल्यामुळे त्याची बातमी होत नाही.

यादीतली किंमत तरी कशी ठरते, हे पाहण्यासारखे आहे. सरकारच्या १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात उत्पादन खर्चाचा हिशेब धरला जात असे. २०१३ च्या आदेशाने तो सोडून दिला. आता बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि तिच्यावर किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के चढवतात. गोळी बनवायला किती पैसे लागले, हा प्रश्न त्या गणितात कुठेही येत नाही.

आता माझा नफा. आम्लपित्ताच्या जेनेरिक, म्हणजे नावाजलेला ब्रँड नसलेल्या गोळीची दहाची एक पट्टी माझ्या कपाटात आहे. तिच्यावर छापील किंमत शंभराच्या आसपास आहे आणि घाऊक विक्रेत्याच्या बिलात ती मला पंधरा रुपयांच्या आत पडलेली आहे. मी ती साठला दिली तर गिऱ्हाईक आशीर्वाद देत घरी जाते आणि मला पंचेचाळीस रुपये सुटतात. शेजारच्याच खणात नावाजलेल्या ब्रँडची पट्टी आहे, घटक तोच आणि मात्राही तीच. तिच्यावर मला वीस टक्के मिळतात, बाकीचा फरक कंपनीच्या आणि तिच्या प्रचाराच्या पदरात जातो. प्रचार म्हणजे काय, हे सकाळी जळगावहून दुचाकीवर निघून तालुक्यातले दवाखाने पालथे घालणाऱ्या एमआर मंडळींकडे, म्हणजे कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे, पाहिले की कळते. डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देण्यास मनाई करणारी संहिता मार्च २०२४ मध्ये आली आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच, म्हणजे ब्रँडऐवजी घटकाच्या नावाने, औषध लिहावे, हा ऑगस्ट २०२३ चा नियम मात्र त्याच महिन्यात स्थगित झाला. चिठ्ठीत लिहिलेला ब्रँड मी माझ्या मर्जीने बदलून देऊ शकत नाही, कारण कायदाच ते करू देत नाही.

आमच्याकडच्या कापूसवाल्याला बीटी बियाण्याच्या पाकिटाचा सरकारी दर २०२५ मध्ये ८६४ वरून ९०१ रुपये झाला हे तोंडपाठ असते आणि पाच रुपये जास्त मागितले तर तो कृषी केंद्रात आवाज चढवतो. तोच माणूस माझ्याकडे चिठ्ठी सरकवतो आणि ‘हीच द्या’ एवढेच म्हणतो. यात त्याचा दोष नाही. बियाणे तो स्वतः निवडतो, औषध मात्र दुसरा निवडतो आणि पैसे हा देतो. शिवाय स्वस्त म्हणजे हलके, ही समजूत फार खोलवर आहे. माझे वडील एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. त्यांना मी साखरेची मेटफॉर्मिन जनऔषधी केंद्रातून आणून दिली, तेव्हा त्यांनी भिंगाने पट्टी वाचली, मागेपुढे उलटवली आणि ‘डॉक्टरांनी लिहिलेली ही नव्हे’ असे म्हणत परत केली. मुलगा फार्मसी शिकलेला असूनही!

कंपन्यांचा ठरलेला बचाव संशोधनाच्या खर्चाचा असतो. मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे, तिच्या बाबतीत तो लागू पडत नाही. पेटंट असलेल्या नव्या औषधांबाबत तो काही अंशी खरा आहे, पण किती अंशी, याचा अंदाज सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधावरून येतो: मूळ कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये घेत होती आणि मार्च २०१२ मध्ये सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची सरकारी परवानगी) मिळालेल्या भारतीय कंपनीला तेच औषध ८,८८० रुपयांत द्यायचे होते.

मात्र सरसकट सगळ्या किमती दाबून टाका, असेही मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणानेच पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, डेस्फेरिऑक्सामाइन अशा आठ औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवल्या, कारण जुन्या दरात परवडत नाही म्हणून उत्पादन बंद करण्याचे अर्ज येत होते. ज्या रुग्णाला वरचेवर रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात साठलेले लोह डेस्फेरिऑक्सामाइनमुळे बाहेर पडते. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण किती आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला असे औषध दीडपट महाग होण्यापेक्षा बाजारातून नाहीसे होण्याची भीती जास्त वाटेल.

भांडणाबद्दल सांगायचे तर, छापील किमतीवरून माझ्याशी भांडून काही होत नाही, ती मी छापत नाही. डॉक्टरांना ब्रँडऐवजी घटकाचे नाव लिहून मागा. बहुतेक डॉक्टर मागितल्यावर देतात. ‘फार्मा सही दाम’ या प्राधिकरणाच्या अॅपवर यादीतल्या औषधाची कमाल किंमत पाहा. पट्टीवरची किंमत, तिच्यातला कर वगळूनही, त्या कमाल किमतीपेक्षा जास्त आढळली तर तक्रार करा, कारण जादा घेतलेली रक्कम कंपनीकडून व्याजासह वसूल करण्याची तरतूद आहे. त्यासाठी बॅच क्रमांक असलेले बिल हाताशी हवे, आणि बिल मागणारी माणसे माझ्याकडे दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच येतात.