पाझर तलाव दरवर्षी हिरवा पडतो: औषध तलावात नको, वर शेतात हवं

वरच्या बारा एकर उसाचं पाणी तलावात येतं आणि पावसाळा सरला की शेवाळ माजतं. तुरटी टाकू की मोरचूद, असं तुम्ही विचारलंय. मोरचूद तर अजिबात टाकू नका. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं, मासे मरतात आणि खत तिथेच राहतं. तुरटीने पाणी निवळेल, पण पुढच्या पावसात नवं खत येईलच.

शेवाळ पोसतं ते खतातल्या स्फुरदावर (फॉस्फरस) आणि नायट्रेटवर (नत्र). स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून येतं, नायट्रेट पाण्यात विरघळून. माती अडवली की स्फुरद अडतं, नायट्रेट नाही. नायट्रेटचा उपाय शेतातच: युरिया हप्त्यांत, वाफशावर (माती ओलसर, पण चिखल नाही अशा वेळी), पहारीने मातीआड. पाचट (उसाचा वाळका पाला) जाळू नका, सरीत पसरा. माती जागची हलत नाही.

ओहोळावर गाळखड्डा घ्या. २५ मिमी पावसातलं ४० टक्के पाणी वाहिलं, तर बारा एकरांतून सुमारे ४८० घनमीटर येतं. म्हणजे ३२ × १० मीटर, खोली दीड मीटर. पाणी लांबीने वाहू द्या, सांडवा दगडी आणि पूर्ण रुंदीचा ठेवा. पण एकट्या खड्ड्याने भागणार नाही. बारीक वाळू मीटरभर खाली बसायला दोन-तीन मिनिटं घेते, काळ्या मातीचे सर्वांत बारीक कण तीन दिवस किंवा त्याहूनही जास्त. आणि स्फुरद जास्त असतं ते याच कणांवर.

म्हणून शेताच्या खालच्या कडेला, पाण्याचा ओघळ व्हायच्या आत, हरळी किंवा मारवेलचा दहा मीटर पट्टा हवा. त्याच्या चढाकडच्या बाजूला वाळ्याची दुहेरी ओळ, रोपांत १० ते १५ सेंमी अंतर, बरोबर समपातळीत. बहुतेक पट्टे फसतात ते इथेच. बांध कुठे पाच सेंमी खचला, बैलगाडीची चाकोरी पडली, की सगळं पाणी तिथूनच धावतं आणि उरलेलं गवत नुसतं उभं राहतं. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने दर दोन मीटरला पातळी घ्या, वरच्या कडेला दगडांची सपाट ओळ बसवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर गवत कुठे आडवं झालंय ते बघा. दगड वाढवायचे ते तिथेच.

गवत कापून वैरणीला न्या. जागीच कुजलं तर स्फुरद पुन्हा सुटतं. खड्डा तृतीयांश भरला की उन्हाळ्यात गाळ काढून वरच्या शेतात पसरा, काठावर ढीग नको.

एवढं करूनही तलाव काही वर्षं हिरवा राहू शकतो, कारण तळाच्या गाळातलं जुनं स्फुरद प्राणवायू कमी झाला की वर येतं. तोवर तलावाचा रंग बघून काम फसलं असं ठरवू नका. पहिल्या मोठ्या पावसात खड्ड्यात येणारं आणि खड्ड्यातून बाहेर पडणारं पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरा, फरक तिथे दिसेल.