एक प्यादं जास्त, तरी ०.०० का?

तुमच्या मुलीच्या बुद्धिबळाच्या डावातली नेमकी स्थिती तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलंत. पार्ल्याच्या स्पर्धेत तिचा पांढरा राजा डी४ वर, प्यादं ई३ वर, समोर काळा राजा ई७ वर आणि चाल तिची. तिने ई४ खेळलं, डाव बरोबरीत सुटला. घरी इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) लावलं तर ई४ नंतर ०.००, म्हणजे बरोबरी, दिसतंय. तुमचा प्रश्न असा, की सरळ एक प्यादं जास्त असताना कॉम्प्युटर शून्य कसं म्हणतो?

प्याद्याला १०० सेंटीपॉन (सेंटीपॉन म्हणजे प्याद्याचा शंभरावा भाग) ही फक्त सुरुवात आहे. गणितज्ञ क्लॉड शॅननने कॉम्प्युटरच्या बुद्धिबळावरच्या १९५० च्या लेखात घोडा-उंट ३, हत्ती ५, वजीर ९ असे गुण धरले, आणि त्याच सूत्रात डबल (एकाच उभ्या रांगेत दोन), एकट्या किंवा मागे राहिलेल्या प्रत्येक प्याद्यामागे अर्धा गुण कापला. म्हणजे प्यादं कुठे उभं आहे यावर त्याची अर्धी किंमत जाऊ शकते, हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

मी स्वतः एक छोटं इंजिन लिहिलंय. पहिल्या आवृत्तीत नुसती मोहऱ्यांची बेरीज होती. सगळ्या चाली सारख्याच गुणांच्या, त्यामुळे ते यादीतली पहिली चाल उचलायचं आणि कडेची प्यादी ढकलत बसायचं. मग घरांचा तक्ता घातला, म्हणजे कोणतं मोहरं कोणत्या घरात असलं की किती सेंटीपॉन जास्त-कमी, याची यादी. बरेच नवशिके वापरतात त्या तक्त्यात ई२ वरच्या प्याद्याला उणे २०, ई४ वर अधिक २०, सातव्या ओळीत अधिक ५०. एवढ्यावरच इंजिन पहिली चाल ई४ खेळायला लागलं, तो आनंद अजून आठवतो.

आता हाच तक्ता मुलीच्या डावाला लावा. ई३ ला शून्य, ई४ ला २०. राजाला एंडगेमच्या (डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या) तक्त्यात डी४ काय आणि ई५ काय, सारखेच गुण. म्हणजे कमी खोल बघणारं साधं इंजिनही तिचीच चाल खेळेल! तिला रागावू नका.

जिंकणारी एक चाल होती राजा ई५. काळ्याने काहीही केलं तरी पांढऱ्याकडे ई४ ही एक चाल शिल्लक राहते. काळा राजा समोर येऊन उभा राहिला आणि चाल आपली असली की ती खेळायची. आता चाल त्याची, त्याला बाजूला व्हावंच लागतं आणि आपला राजा पुढे घुसतो. तिने ती राखीव चाल आधीच खर्च केली. मग काळा राजा डी६ वर येऊन ऑपोझिशन घेतो (राजे समोरासमोर, मध्ये एक घर आणि चाल आपली) आणि विषय संपला. राजा मागे येऊ शकतो, प्यादं येत नाही. तीन मोहऱ्यांच्या एंडगेमचा निकाल पूर्ण काढून ठेवलेला आहे, त्यामुळे ते ०.०० हा अंदाज नाही, निकालच आहे.

मोठ्या इंजिनांचं थोडक्यात सांगतो. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाच्या जुन्या पद्धतीत प्याद्याला मिडलगेममध्ये एक आणि एंडगेममध्ये त्याहून बरीच जास्त अशी दोन मोलं होती, मोहरी कमी होतील तसं एकाकडून दुसरीकडे सरकायचं. प्याद्यांची रचना क्वचित बदलते म्हणून तिचा हिशेब एकदा करून साठवून ठेवायचे. वेग वाढवायची ही युक्ती मला फार आवडते. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ पासून न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून स्वतः शिकलेला हिशेब) आलं, आणि आता स्थितीचं मोल मुख्यतः त्यातूनच ठरतं. १५.१ आवृत्तीपासून तर स्क्रीनवरचं +१.०० म्हणजे एक प्यादं नव्हे. इंजिन स्वतःशीच खेळलं तर तिथून जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ.

आज रात्री पट मांडा. पांढरा राजा ई५, प्यादं ई३, काळा राजा ई७. काळी बाजू तुम्ही घ्या. आधी चाल तुमची, मग पुन्हा मांडून चाल तिची. दोन्ही वेळा तिला जिंकू द्या, पण इंजिन बंद ठेवून.